टोपणावरचा लाल ठिपका

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील, म्हणून आधीच सांगते, फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. चार वर्षांत मी तुला फोन केला नाही, तू मला केला नाहीस. शेवटी दोघंही एकाच आईची.

बातमी ऐक आणि पोटभर हस. समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांचे रेग्युलेटर दुरुस्त करायला मी शिकतेय. एकावन्नाव्या वर्षी! जिला मिक्सरचं झाकण धड लावता येत नव्हतं, ती. तुझ्याच मास्तरांच्या दुकानात, खिडकीजवळच्या तुझ्याच स्टुलावर. तू गेल्यापासून मास्तरांनी त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं. मला पहिलीतल्या पोरीसारखं शिकवलं त्यांनी. पाठीवरच्या टाकीत हवा कोंबून भरलेली असते, तिचा दाब उतरवून माणसाला श्वासापुरती देतो तो रेग्युलेटर. पहिला महिना नुसती धुणीभांडी, म्हणजे पितळी भाग व्हिनेगरच्या पाण्यात घालायचे, मऊ ब्रशने घासायचे, भिंगाखाली बघायचे. एकदा रबराची जुनी रिंग निघेना म्हणून मी सरळ स्टीलची सुई घातली. खाचेत केसाएवढा ओरखडा उठला. मास्तर ओरडले नाहीत, फक्त भिंग माझ्या हातात दिलं. केसाएवढ्या वाटेनेही हवा निघून जाते म्हणे. तो भाग बाद झाला, माझ्या खणात ठेवलाय.

मी तिथे कशी पोचले, तेही सांगते. ह्यांना पाण्यातून वर काढलं तेव्हा तोंडाशी होता तो रेग्युलेटरचा सेट पोलिसांनी परत दिल्यापासून माळ्यावर पडून होता. एक दिवस तो उचलला, मास्तरांपुढे आपटला आणि म्हटलं, उघडा, आणि माझ्या भावाने काय चूक केली ती मला दाखवा. मास्तरांनी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, मी सांगितलेलं तुम्हाला पटायचं नाही. शिका, आणि स्वतःच उघडा. म्हणजे बघ, तुझ्यावर खटला भरायला मी हे काम शिकले.

घरी काय, एक ताट, एक पेला. रेडिओ लावून ठेवते, कुणी बोलत असावं म्हणून. दुपारी मास्तर जेवायला जातात तेव्हा मी दुरुस्त झालेला एखादा सेट टाकीला जोडते आणि तोंडात धरून बसते. आत घेताना बारीक फुस्स होतं, सोडताना खरखर. डोळे मिटले की शेजारी कुणीतरी झोपलंय असं वाटतं. वेडेपणा आहे, ठाऊक आहे मला. फार एकटी पडलेय रे.

मग सातव्या महिन्यात, एक गळका सेट पाण्याच्या टबात बुडवलेला असताना, मास्तर सहज बोलून गेले. ही यंत्रं अशी घडवलेली असतात की बिघडली तर सहसा हवा अडवत नाहीत, उलट भसाभसा सोडत सुटतात. माझा हात टबातच राहिला. ह्यांच्या सोबतचा पाणबुड्या पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होता की बुडबुडे नेहमीसारखे होते, मग एकदम थांबले. टाकी अर्धी भरलेली निघाली, यंत्र बिघडून सोडत सुटलं असतं तर ती रिकामी व्हायला हवी होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं होतं. मीच म्हणत होते, डॉक्टरांना काय कळतंय यंत्रातलं!

गेल्या सोमवारी ह्यांचा सेट उघडला. बाहेरून हिरवा पडला होता. टोपणाच्या कडेला तुझा लाल ठिपका तसाच होता, माझ्याच नेलपॉलिशचा. कुणी मधे उघडलं तर कळावं म्हणून तू तो लावायचास, आणि माझी बाटली चोरलीस म्हणून मी तुला लाटणं घेऊन घरभर पळवलं होतं. ठिपका कुठेही तडकलेला नव्हता. माझ्या हातानेच तो मोडला. आत सगळं नीट होतं, धाकट्या. प्रत्येक रिंग जागेवर, ग्रीसचा हात बेताचा, एक ओरखडा नाही. मास्तर म्हणाले, असं काम मलाही रोज जमत नाही.

तुला हे सगळं तेव्हाच माहीत होतं. आणि दुसरंही माहीत होतं. त्या आठवड्यात ह्यांचा डावा खांदा दुखत होता, मी मलम चोळलं आणि म्हटलं, कामाला गेलात की बरं वाटेल. तू समोरच जेवत होतास. मग ते गेल्यावर सगळ्यांदेखत मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, सेटला शेवटचा हात तू लावलास, तूच मारलंस म्हणाले. तू एका वाक्यात मला गप्प करू शकला असतास. खाली मान घालून गेलास. माझ्या चुकीचं खापर माझ्यावर येऊ नये म्हणून गेलास ना? चुकले मी. मलमाचं चुकले आणि तुझं त्याहून जास्त चुकले. ह्यांचा सेट मी पुन्हा जोडलाय, दाब तपासलाय, काटा हलत नाही. टोपणावर ठिपका मात्र लावलेला नाही. नेलपॉलिशची नवी बाटली आणून स्टुलाशेजारी ठेवलीय. ये, माझं काम एकदा तपास, आणि ठिपका तू लाव.

तुझीच,
तोंडाळ ताई