बाबांची जाळीची पिशवी

शनिवार, संध्याकाळ. क्रूझचा दुसरा दिवस.

आज समुद्राने सगळ्यांची वाट लावली, तरी दिवस झकास गेला. सकाळपासून बोट डुलतेय, डेक बंद. मी ठणठणीत, आणि बाबा आडवे! चाळीस वर्षं माहुलहून होडी घेऊन मासेमारीला गेलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा उलट्या करतोय. मीच हट्टाने आणलं ना त्यांना. लाजेने माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "होडीत हाताला काम असायचं गो पोरी. इथे नुसतं बसायचं."

मग आठवली ती कांद्याबटाट्याची जाळीची पिशवी, चपला भरून आणलेली. कोपऱ्यात फाटली होती. ती आणि दात साफ करायचा दोरा दिला त्यांच्या हातात. बोटं लागली चालायला, जाळं सांधायचे तश्शाच गाठी. अर्ध्या तासात चेहऱ्यावर रंग आला, चहा मागितला.

पण एक भोक कितीसं पुरणार? वारा काही थांबेना. ते बाथरूमला गेले तेव्हा मी नेलकटरने पिशवीला आणखी तीन भोकं पाडली. चुकलं का माझं?

परत आले, पिशवी उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं.

"एवढ्या मोठ्या बोटीवर पण उंदीर?" म्हणाले, आणि नवा दोरा तोडला.