सातव्या तळघरातली पिशवी

मी, खाली सही करणारी, या खेळात 'पक्कड' या नावाने वावरणारी आणि खेळाबाहेर लिफ्टच्या सुरक्षेची तपासणी करणारी अभियंता, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, जेवण झालेले आहे आणि या मजकुरासाठी मला कोणीही भरीस घातलेले नाही. धाकट्या भावाने घातले होते. पण तो सगळ्यांनाच सगळ्यासाठी भरीस घालतो, म्हणून ते धरलेले नाही.

उद्या मी सातव्या तळघरात उतरणार आहे. आमच्या या ऑनलाइन खेळात पात्र एकदाच मरते. मेले की त्याची मिळकत लिलावात जाते; अंगावरची पिशवी मात्र पडली तिथेच राहते. मृत्युपत्र असेल तर वारसांकडे. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि साक्षीदाराला त्यातून काहीही मिळता कामा नये. खेळ बनवणाऱ्यांनी नीट विचार करून केलेला बहुधा हा एकच नियम आहे.

कलम १. तळ्याकाठचे घर मी बाबांना देते (पात्र 'डोंगर'; धंदा चष्म्यांचा). छप्पर गळत नाही, मी तपासले आहे. घरासोबत खेचर जाईल. ते उतारावर पाऊल टाकत नाही. बाबा त्याच्यावर ओरडणार नाहीत, त्याची समजूत घालत बसतील. तेही करू नये.

कलम २. चिलखत आणि हातोडा भावाला (पात्र 'घाई', बेकरीत भट्टी सांभाळतो). अट एकच: दार उघडल्याबरोबर आत धावायचे नाही. "ताई, मी फक्त बघून येतो" हे वाक्य उच्चारल्यास हातोडा परत घेतला जाईल.

कलम ३. लूट मिळवण्याच्या जोखमीच्या युक्त्याही त्यालाच. त्या वापरण्याआधी समजून घ्याव्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

सातव्या तळघराचा राखणदार अजगर आंधळा आहे. त्याला लोखंडाचा आवाज येतो. लोक घाबरून जास्तीत जास्त चिलखत चढवतात आणि त्यामुळेच सापडतात. अंगावर लोखंड नसेल तर त्याच्या जबड्याजवळून चालत जाता येते. एक फटका बसला तरी संपलो, हे खरे. पण त्याला आपण कुठे आहोत हे आधी कळायला हवे. खिशात फक्त एक खिळा ठेवायचा. वेळ आली तर तो लांब फेकायचा आणि उलट्या बाजूने निघायचे. पिशवी रिकामी न्यायची. औषधे, दोर, जादूचे कागद, काही नाही. आणि शक्यतो दुसरे एखादे दल आत मार खात असताना मागून शिरायचे. काही जण याला चोरी म्हणतात. आई याला वेळ साधणे म्हणायची.

या सगळ्या युक्त्या आईच्याच आहेत. माझे काम फक्त तपासणीचे. मी पहिल्यांदा पाठीवर भरगच्च बोचके घेऊन उतरायला निघाले, तेव्हा तिने विचारले होते, "अगं, लुटायला निघालीस की बिऱ्हाड हलवायला?" ती शिलाईच्या दुकानात लोकांचे ढगळ कपडे उसवून अंगाबरोबर करते. जास्तीचे तिला खेळातही चालत नसे.

कलम ४. दाराबाहेर दबा धरून दमलेल्या माणसांची लूट हिसकावणाऱ्या 'वाघनखे' दलाला माझे जुने बूट. त्यांत मी दलदलीत फार हिंडले आहे. धुवू नयेत, ही विनंती.

कलम ५. हे कलम नीट वाचावे.

सातव्या तळघराचे दार खटका दाबून धरला तरच उघडे राहते. एकाने बाहेर खटका धरायचा, दुसऱ्याने आत जायचे. आईचे पात्र, 'राणीसरकार', आत गेले तेव्हा खटक्यावर बाबा होते. तेवढ्यात घराची बेल वाजली. शेजारच्यांना दिवा बदलायला शिडी हवी होती. बाबांनी शिडी काढून दिली, शेजाऱ्यांकडे पोचवली आणि ते वर चढल्यावर खाली उभे राहून धरलीसुद्धा. दार पडले. आई आतच संपली.

ती ओरडली नाही. शेजारच्या खोलीतून उठून आली आणि म्हणाली, "लोकांची शिडी धरता येते, बायकोचं दार नाही." मग आपल्या संगणकावर कापड टाकले. ते कापड अजून तिथेच आहे. माझ्या कामात शिकवतात की ज्याने दार धरायचे त्याने दुसरे काहीही धरायचे नसते. पण बाबांनी कोणाला दारात ताटकळत ठेवल्याचे मी कधी पाहिलेले नाही, हेही नमूद करते.

खेळाच्या कंपनीने आता जाहीर केले आहे की सातवे तळघर बुजवणार. आत पडून राहिलेल्या पिशव्या त्याबरोबर जातील. आईची पिशवी आतच आहे. सगळ्यांना वाटते मी त्यातल्या मुकुटासाठी जाते आहे. मुकुट भावाने घ्यावा, मिरवावा. मी जाते आहे ती तांब्याच्या दिव्यासाठी.

बाबांनी तो खेळातल्या पहिल्याच आठवड्यात बनवला होता. तो पेटत नाही. व्यापारी फुकटसुद्धा घेत नाहीत. पण पिशवीतली एक पूर्ण जागा अडवतो आणि सातव्या तळघरात एक जागा म्हणजे एक तलवार किंवा एक पाचू. आईची पिशवी लावून द्यायला मी असायचे. मी दर वेळी म्हणायचे, हा काढूया. ती म्हणायची, "राहू दे गं, कोपऱ्यात आहे तो." बाबांना हे माहीत नाही.

सदर दिवा हाती आल्यास तो पिशवीसकट आईला मिळावा. ती पुन्हा खेळणार नाही म्हणाली आहे. तरी मिळावा.

खटक्यावर कोण, हे ठरलेले नाही. बाबा म्हणतात, "माझ्या हातून नको गं." भाऊ तयार आहे, पण जागेवर थांबणे त्याला जमत नाही.

पुरवणी. वरील मसुदा आमच्या दलातल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी काल सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांना आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आवाज मात्र कोणीही तोंड उघडावे असा आहे. त्या पहिल्या साक्षीदार. दुसरा मिळत नव्हता. कलम ५ संपल्यावर बाबांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "तो दिवा तिनं ठेवला होता?"

बाबांच्या स्पीकरचा आवाज नेहमी मोठा असतो. मागून आईचा आवाज आला, "मग काय टाकून देऊ? आणि सरका जरा, मला पासवर्ड आठवत नाहीये."

तिने आपल्या संगणकावरचे कापड काढले आणि नवे पात्र उघडले. पातळी पहिली, हातात काठी. भाऊ म्हणाला, "आई, सातव्या तळघरापर्यंत पोचशील तरी का?" ती म्हणाली, "खटक्याला ताकद लागत नाही रे. एका जागी थांबावं लागतं. तुझ्या बाबांना विचार." बाबा हसले. मग 'डोंगर' तिला पाठीवर घेऊन सहा तळघरे उतरला. वाटेत दोघांनी आवाज बंद ठेवले होते. काय बोलले ते मला माहीत नाही.

आई दुसरी साक्षीदार झाली आहे. त्यामुळे नियमानुसार तिला या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही आणि कलम ५ मधली तिच्या नावची तरतूद रद्द होते. दुसरा वारस मी नेमत नाही. ती पिशवी मला परत येऊन तिच्या हातातच द्यावी लागेल.

ठिकाण: सातव्या तळघराचे दार, बाहेरची बाजू.
दिनांक: तळघर बुजवण्याच्या आदल्या दिवशी.

सही: पक्कड

साक्षीदार पहिली: वैद्यबाई (दातांच्या डॉक्टर). मजकूर वाचला. खिळे दोन घ्यावेत.

साक्षीदार दुसरी: शिडी (आई). कालच नाव घेतले. दार धरले आहे. बेल वाजली तर हे बघतील.