सीताफळाच्या बियांची निरुपद्रवी पूड

आष्टी, सोमवार, ता. १४ ऑक्टोबर १९१२.
भिवराबाई अर्जुनराव नेकनूरकर यांस,
तुझ्या हयातीत तुझे नाव मी एकदाच घेतले, तेही लग्नाच्या पंगतीत, सर्वांनी अडविले म्हणून. आता घेण्यास हरकत दिसत नाही. तू गेल्यास आज सत्तेचाळीस दिवस झाले. मी पूर्ण स्वस्थ आहे. घरात फक्त पिसवा झाल्या आहेत.
त्यांस कारण तुझी मांजरी ठकी. ती दिवसभर तुझ्या गोधडीवर निजते. उद्यापासून तिला हाकलून देण्याचे ठरविले आहे.

ता. १५.
हाकलले नाही. मुक्या प्राण्यास बेघर करणे तत्त्वतः अयोग्य. शिवाय मी शाळेत असता घरात काही हालचाल असणे चोरांच्या दृष्टीने हितावह.
घरमालकीण साखराबाई कुंपणावरून म्हणाल्या, “मास्तर, ती गोधडी कढत पाण्यात घाला अन् टाका उन्हात. समद्या पिसवा तिच्यातच हायत.” मी सांगितले की कढत पाण्याने रंग उतरतो. गोधडीचा मूळ रंग कोणता, हे आता सांगता येत नाही. तरीही.

ता. १७, सकाळी.
कॉलेजात एक टर्म केमिस्ट्री शिकलो आहे. तिचा उपयोग करण्याची वेळ आली. विलायती औषधे विषारी. वनस्पतिजन्य चूर्ण मात्र निसर्गाने दिलेले, म्हणून निर्धोक. वाळलेला कडुलिंबाचा पाला व वेखंड कुटून सर्व घरात पसरले. गोधडी वगळली.

ता. १९.
डाव्या पायावर अकरा चावे, उजव्यावर चौदा. घर हिरवे झाले आहे. पिसवांस ते मानवलेले दिसते.

ता. २१.
दूध घालणारा धनगर सिदू म्हणाला की मेंढरांच्या उवांवर सीताफळाच्या बियांची पूड हमखास चालते. लगेच पुढे म्हणाला, “पर सायब, डोळ्याला लई वंगाळ. आमी मेंढराचं तोंड धरून, पाठीवरच लावतो. मांजराला तर लावूच नगा, ते अंग चाटतंय.”
मी त्यास समजाविले की ज्या फळाचा गर आपण तान्ह्या मुलास भरवितो, त्याच फळाचे बी विषारी असणे ही थिअरी टिकत नाही. तो म्हणाला, “फळ ग्वाड हाय, सायब. पर बी आपुन थुकतोच की!”
अशिक्षित माणसाशी वाद घालू नये, असा नियम आजपासून केला.

ता. २९.
बियांसाठी गेले आठ दिवस दोन्ही वेळा केवळ सीताफळे खाल्ली. स्वयंपाक न येण्याशी याचा काही संबंध नाही. बिया भरपूर जमल्या.

ता. ३१.
बिया कुटल्या. ‘गृहोपयोगी चूर्णांची निरुपद्रवता’ या निबंधाचा मथळा लिहिला. सुवाच्य आला.
तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचा हुकूम आला, धर्मापुरीच्या शाळेवर बदली. ‘महत्त्वाचा प्रयोग अपूर्ण असल्याने आष्टी सोडणे अशक्य’ असे उत्तर लिहून ठेवले. खरे कारणही तेच आहे.

शनिवार, ता. २ नोव्हेंबर, सकाळी सात.
ठकीच्या अंगास, मानेपासून शेपटीपर्यंत, पूड चोळली. गोधडीस लावली नाही. गोधडी संशोधनाच्या कक्षेबाहेर आहे.

त्याच दिवशी, नऊ वाजता.
ठकी पंजांनी तोंड ओरबाडत, लाळ गाळत साखराबाईंच्या कणगीखाली शिरली. मी तिला काढू लागलो, तेव्हा माझा हात माझ्याच डोळ्यास लागला. विलक्षण आग. साखराबाईंनी घागर ओतून आधी मांजरीचे डोळे धुतले, मग माझे. म्हणाल्या, “शिकल्याले हात हायत व्हय हे? काहून असं केलंत? भिवराबाई असत्या तर...”
दुपारपर्यंत अश्रू थांबले नाहीत. त्यांचा संबंध केवळ पुडीशी आहे.

ता. ५.
माझा डोळा उघडतो. ठकीच्या डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला आहे. सिदू तिला पाहून म्हणाला, “जगंल. डोळ्याचं न्हाई सांगता येत.” ‘मी म्हटलं नव्हतं का’ असे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरे वाटले असते.
तिला साखराबाईंकडून परत आणण्यास गेलो. माझ्या हाकेस ओ देत नाही. ठकी म्हणून तूच तिला हाक मारीत होतीस. मी फक्त ‘शुक्’ म्हणे.

ता. ९.
पिसवा गोधडीत आहेत. हे मला प्रथमपासून ठाऊक होते, असे नमूद करतो.
लोकांची दिवाळी चालू असल्याने आडावर गर्दी नव्हती. पाणी उकळले. गोधडी घालण्यापूर्वी तिचा वास घेतला; खोबरेल आणि चुलीचा धूर. ही केवळ शास्त्रीय नोंद. मग घातली. साखराबाई पिळू लागण्यास आल्या.

ता. ११.
दोन दिवस ऊन दिले. गोधडी निळी आहे. पिसवा गेल्या. वासही.

ता. १२.
गोधडी साखराबाईंच्या ओट्यावर पसरून दूर उभा राहिलो. ठकी आली. एका डोळ्याने पाहिले, चारी कोपरे हुंगले, मधोमध थांबली. मग उतरून साखराबाईंच्या सुपात जाऊन बसली. साखराबाई म्हणाल्या, “राहू द्या मास्तर, येईल हळूहळू.”
येणार नाही. तिचे निरीक्षण माझ्याहून अचूक आहे.

गुरुवार, ता. १४, सकाळी.
धर्मापुरीस येतो म्हणून कळविले. निबंधाच्या मथळ्यातून ‘निरुपद्रवता’ शब्द खोडला. मग लिहिण्यासारखे काही उरले नाही. उरलेली पूड सिदूच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात पुरली. ठकी येथेच राहील. गाडी दाराशी आहे.
दारास कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या साखराबाईंस परत दिल्या, माझी आणि तुझ्या कमरेची.