तीन सिरिंजांचा क्रम

दि. १२ नोव्हेंबर

चि. डॉक्टरसाहेबांस, अ. उ. आ.

मंगळवार, पाच नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून सतरा मिनिटे. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरचं घड्याळ मी शेवटचं पाहिलं ती ही वेळ. त्यानंतर तू, माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाने, मला जिवंतपणी दगड केलंस.

पित्ताशय गेलं, टाके सुकले. आवाज अजून बसलेला आहे आणि शेजारणी त्यावर खूश आहेत. तक्रार त्याची नाही. आदल्या दिवशी माझ्या पलंगावर बसून तूच समजावलं होतंस: आधी वेदना मारणारं औषध, मग झोपेचं, दुधासारखं पांढरं, आणि गाढ झोप लागली की मगच अंग सैल करणारं, ज्याने आपला श्वासही आपल्याला घेता येत नाही. तिन्ही जमून आली की श्वासाची नळी घशातून अलगद जाते, पेशंटला पत्ताही लागत नाही.

मला लागला. पहिली सिरिंज पाण्यासारखी होती. आता जरा हलकं वाटेल, असं तू म्हणालास. हलकं कसलं! पापण्या मिटल्या त्या उघडेनात, बोट हलेना, छातीत श्वास भरेना, आणि मी टक्क जागी. तोंडावर मास्क दाबलेला कळला. मग दंडात जळजळ झाली. पुढचं काही आठवत नाही.

त्या पहिल्या सिरिंजमध्ये काय होतं? फोन करू नकोस. चौतीस वर्षं कोर्टात साक्षी टिपून घेतल्या मी. तोंडी बोललेलं माणसं कशी फिरवतात ते मला ठाऊक आहे.

आशीर्वाद आहेतच, सध्या हात जरा आखडता.

तुझी मावशी

---

दि. १५ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बायकोला म्हटलं, मावशी ठणठणीत झाली, भांडायला लागली!

अगं, भुलीत असे भास होतात. औषधं पाठोपाठ जातात, अर्धवट झोपेतलं डोकं त्यांचा क्रम उलटासुलटा लावतं. घसा नळीमुळे बसलाय, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. ते चाळीस सेकंद मनातून काढून टाक.

आणि कृपा करून आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस. पंचवीस तारखेला तिची थायरॉइडची गाठ काढायची आहे, भूल मीच देणार. गाठ श्वासनलिकेवर दाबायला लागलीय, थांबून चालणार नाही. आई मुळातच घाबरट, ऐन वेळी नको म्हणून बसेल.

राग ओसरला की लोभ पूर्वीइतकाच करावा.

तुझा भाचा

---

दि. १८ नोव्हेंबर

चि. डॉक्टरसाहेबांस, आशीर्वाद.

भास म्हणतोस. मग चाळीस सेकंद कुठून आणलेस? माझ्या पत्रात सेकंदांचा उल्लेखच नाही. नक्कल माझ्यापाशी आहे. मला तर तो अख्खा तास वाटला. भासाला घड्याळ लावतात होय रे? ते सेकंद तू मोजलेस, कारण चूक तुला तिथल्या तिथे कळली होती.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. तू काय लिहितोस ते पाहायचं होतं. मास्क दाबल्यावर माझ्या कानाशी वाकून तू म्हणालास, मावशी, घाबरू नकोस, तुझा श्वास मी चालवतोय, आता झोपवतो. झोपलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही. त्या बोलण्याच्या आधाराने मी तेवढा वेळ काढला, म्हणून हे पत्र तुला येतंय, तुझ्या वरिष्ठांना नाही.

हात चुकला, ते समजू शकते. पण वर मलाच वेडी ठरवतोस? काल तुझ्या आईने विचारलं, ताई, तुला आत काही कळलं का गं? मी उत्तर टाळून साखरेचा डबा शोधत बसले. कॉन्व्हेंट शाळेत ननच्या छडीखाली शिकलेली मी, खोटं धड जमलंही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा लिही. कुठल्या सिरिंजच्या जागी कुठली उचललीस, तिच्यावर नाव चिकटवलं होतंस का, माझ्या केसपेपरवर हे आलंय का. आणि पंचवीस तारखेला प्रत्येक सिरिंजवरचं नाव दुसऱ्या कोणी मोठ्याने वाचल्याशिवाय तू ती टोचणार नाहीस, हेही. खाली सही कर. मग ते पत्र आईला तूच वाचून दाखव. मी शेजारी बसेन. तिला ऑपरेशनला तयार करणं माझ्याकडे लागलं.

शुक्रवार, बावीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. तोवर लेखी उत्तर माझ्या हातात पडलं नाही, तर सव्वापाचला मी तिला सगळं सांगेन. गाठ सोमवारीच निघेल, पण भूल द्यायला तुझ्या जागी दुसरं कोणी असेल.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी मावशी