बाबांच्या फोटोवरचा टिळा

३ जुलै, बुध. लीड्स.
काउंटी शोच्या, म्हणजे इथल्या शेतकी जत्रेच्या, मिरवणुकीचा यंदाचा विषय 'इथे आधी आलेले'. रोमन, व्हायकिंग यांची सोंगं आणि शेवटच्या ट्रेलरवर आपलं मराठी मंडळ. अध्यक्ष सुधाकररावांचा फोन: "तुमच्या वडिलांचा फोटो पुढे ठेवू. आपल्यात पहिले तेच आले. दोन मिनिटं बोला." बाबा लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी करायचे. जिवंतपणी मंडळाने त्यांना स्टेजवर कधी बोलावलं नाही. आत्ताच का आठवले? हो म्हटलं. पण...

९ जुलै, मंगळ.
सुधाकरराव फोटो न्यायला आले. चहा पिताना, "मूळ गाव कुठलं म्हणालात?" पुन्हा तेच. यांना गाव नको असतं, गावातली आळी हवी असते. जाताना, "भाषणात राजकारण नको हं." म्हणजे 'जात' हा शब्द नको.
सुनंदा हसली. "नवरोबा, कुणी हार घातला तरी तुम्ही आधी दोरा तपासाल."
तपासणारच.

१३ जुलै, शनि.
ट्रेलर मेंढ्यांच्या तंबूमागे. शेजारी व्हायकिंग चहा पीत उभे. फोटो पाहिला आणि डोकं फिरलं. काचेवर कुंकवाचा टिळा! बौद्ध दीक्षा घेतली त्या दिवशी बाबांनी घरातले देव काढले होते. भर गर्दीत ओरडलो, "कुणी केलं हे? मेल्यावर बाटवता?"
सुधाकररावांच्या पत्नी मालतीबाई, हातात करंडा. "मी लावलं, भाऊ. सगळ्याच वडीलधाऱ्यांना लावते." शेजारी त्यांच्या सासऱ्यांचा फोटो. तसाच टिळा, त्याच बोटाचा.
लेक मिताली माझा दंड ओढत होती. "बाबा, चिल ना! सगळा क्राउड बघतोय. व्हायकिंग पण."
रुमाल ओला करून काच पुसली. चौकटीच्या कोपऱ्यात लाल राहिलं. मालतीबाईंनी माझ्या हातून रुमाल घेतला, कोपरा स्वतः पुसला.
माईकवर बाबांची रात्रपाळी सांगितली. तयार करून नेलेली धारदार वाक्यं खिशातल्या कागदावरच राहिली. भीतीने नाही. मग कशाने?

१५ जुलै, सोम.
मालतीबाईंचा सुनंदाला फोन. फोटो मंडळाच्या हॉलमध्ये कायमचा लावायचाय. "भाऊंना विचार गं, त्यांच्याकडे काय वाहतात? तेच वाहू."
त्यांच्याकडे.
सुनंदा म्हणते, "फुलं सांगा आणि मोकळे व्हा."
फोटो सोफ्यावर, शनिवारी परत आणला तसा अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. हॉलमध्ये पाठवलेला नाही. घरच्या खिळ्यावर परत लावलेलाही नाही.