रकियाच्या चहातली साय

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची तेतुआनला! जुन्या शहरातल्या बायकांच्या हमामात अंग चोळायचं काम मिळालं. मालकीण ल्ला खदूज मोठ्या मनाच्या वाटल्या. आल्या आल्या नवा खरखरीत हातमोजा आणि काळ्या साबणाचा डबा हाती दिला. मुख्य चोळणारी तामो. तिचा हात फिरला की पाठीवरून करड्या मळाच्या वळ्या सुटतात आणि गिऱ्हाईक सुखानं डोळे मिटतं. दुपारी पुदिन्याचा चहा, गरम पोळी, मध. इथल्या बायका सारख्या हसत असतात. करमेल मला.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कशाला हसतात ते कळलं. मोरी साफ करणारी रकिया फार अबोल आहे. तामोनं आज गिऱ्हाइकाच्या पाठीवरची वळी उचलली आणि रकियाच्या चहात टाकली. वर म्हणे, साय घातलीय गं राणीसरकार, पी, गोरी होशील. रकियानं ती बोटानं काढली आणि चहा पिऊन टाकला. सगळ्यांबरोबर मीही हसले. नवी आहे मी. न हसणारीच्या पेल्यात उद्या काय पडेल? शी! माझीच मला किळस आली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
मोरीत कढत पाणी ओतण्याआधी आमच्यात लेकरूसुद्धा बिस्मिल्ला म्हणतं. खाली राहणाऱ्या जिनांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा असतो. आज रकिया कोपरापर्यंत हात घालून केसांचे पुंजके काढत होती. तामोनं मला डोळा मारला आणि तोंडातून अवाक्षर न काढता उकळती बादली ओतली. रकियाचा हात सोलून निघाला. ती किंचाळली. मोरीच्या आतूनही कुणीतरी किंचाळलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
रकियाच्या घरी गेले. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, वास येत होता. तिनं एवढंच मागितलं, की पाहिलं ते मालकिणीला सांग, नाहीतर माझं काम जाईल. मी शब्द दिला.

रविवार, ९ नोव्हेंबर
तामो म्हणाली, रकियाचाच पाय घसरला. ल्ला खदूजनी मला विचारलं. तामो माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. रकियाला काढून टाकलं.

सोमवार, १० नोव्हेंबर
मोरी तुंबलीय. वर येतंय ते पाणी नाही — वळ्या. करड्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. हलतात. तामो सकाळपासून स्वतःलाच चोळतेय. खाली लाल मांस दिसतंय, तरी थांबत नाही. आणि हसतेय —

मंगळवार
ओठावरून वळी निघाली. पुसली — दुसरी. धावत मालकिणीकडे गेले, सांगायला तोंड उघडलं — तोंडभर मऊ, करडं, कुणाकुणाच्या पाठीचं — थुंकते, पुन्हा भरतं — शब्द फुटत नाही —

बोटं चालतायत तोवर — बादली तामोनं ओतली. रकियाचा पाय घसरला नव्हता. मी पाहिलं. पाहिलं आणि मी तेव्हा हस —