वॉर्निंग दिली होती

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून कंटाळा बंद. औषधांच्या फ्रीजच्या कर्नलचं काम माझ्याकडे आलं. कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी; तो आडवा झाला की सगळा संसार आडवा. हे नीट जमलं तर टीम लीडची जागा माझीच. साहेबांनी तसं म्हटलेलं नाही, पण नाही असंही म्हटलेलं नाही. ठराव: प्रत्येक एरर जिथल्या तिथे निस्तरायची. पाठ दुखतेय.

५ फेब्रुवारी
सेन्सरकडून तापमान आलंच नाही तर कोडने काय करायचं? विचार केला. डोकं चढलं. तूर्त तिथे एक वॉर्निंग टाकली. ती लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, ठणाणा करते आणि कोड पुढे चालू लागतो. खरा उपाय उद्या.

६ फेब्रुवारी
उपाय राहिला. खुर्चीचं चाक निघालं.

११ फेब्रुवारी, सकाळ
वॉर्निंग फार सोयीची चीज आहे. जिथे जिथे अडलो, तिथे तिथे एकेक टाकली. याला जागरूक कोड म्हणतात. बायकोला समजावून सांगितलं. तिने विचारलं, ओरडून झाल्यावर तो करतो काय? म्हटलं, पुढचं काम. ती म्हणाली, म्हणजे तुझ्यावरच गेलाय. हिला सिस्टिम्समधलं ओ की ठो कळत नाही.

१७ फेब्रुवारी
टीममधल्या नव्या मुलीने माझा कोड तपासला. रुजू होऊन चार दिवस झाले नाहीत, आणि कॉमेंट्स हातभर. म्हणे, माप मिळालं नाही तर दुसऱ्या सेन्सरला विचारा; तोही गप्प असेल तर कॉम्प्रेसर ठरावीक वेळाने चालवत राहा. शिवाय, गिऱ्हाइकाने वॉर्निंग आली की मशीन रीस्टार्ट करायची सेटिंग लावली असेल तर? मी सांगितलं, इतकं भित्रं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. ती मान हलवून आपल्या जागेवर गेली. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी
साहेबांनी विचारलं, काही राहिलंय का? किरकोळ, म्हटलं. कोड मंजूर. लीड झाल्यावर कुणावर अरेरावी करायची नाही. नव्या मुलीलाही सांभाळून घ्यायचं. शिकेल हळूहळू.

१० मार्च, सकाळ
फ्रीज हॉस्पिटलात बसले होते. छान चालले होते. काल संध्याकाळी फरशी पुसताना कुणाचा तरी धक्का लागला आणि एकाच्या सेन्सरची वायर सैल झाली. ती रीस्टार्टची सेटिंग चालू होती. हॉस्पिटलवाले भित्रेच निघाले! माझी वॉर्निंग आली, मशीन रीस्टार्ट झालं, उठल्या उठल्या सेन्सर वाचायला गेलं, पुन्हा वॉर्निंग, पुन्हा रीस्टार्ट. हेच सकाळपर्यंत. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला सवडच मिळाली नाही. दोष उघड उघड वायरचा आहे. तसा मेल लिहिला.

दुपार
मेल पाठवला नाही. नवी मुलगी दुरुस्ती करतेय. तिने मागे सुचवलं होतं तेच करतेय. वेळ लागेल म्हणून मी टाळलं होतं. जेवणाआधी तिचं झालंसुद्धा.

१२ मार्च
लीड ती झाली. बरंच झालं, रोजच्या मीटिंगा कोण करणार? माझ्या तब्येतीला झेपलं नसतं. अभिनंदन करायला गेलो तर ती मलाच म्हणाली, बसा, चहा घ्या. घेतला.

मग साहेबांनी हॉस्पिटलच्या औषधं सांभाळणाऱ्या बाईंना फोन करून खुलासा करायला सांगितलं. मी रीतसर समजावलं की कर्नल गाफील नव्हता, प्रत्येक वेळी त्याने लॉगमध्ये स्पष्ट नोंद केली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, औषधं टाकून द्यावी लागली. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन लांबून आली होती, तिला तसंच परत पाठवलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तुमच्या मशीनला रात्रभर माहीत होतं?

हो म्हणालो. लाज वाटली.